चीवरदानातली लांबट वस्तू

शुगर लँड, टेक्सस
८ नोव्हेंबर १९९५

आदरणीय जगन्नाथराव यांस,

दादारावचा शुगर लँडहून मनापासून जय भीम. (हॉस्टेलात मी तुम्हाला 'जग्या' म्हणायचो आणि तुम्ही माझा टॉवेल वापरायचात. तुमच्या बहिणीशी लग्न झालं तेव्हापासून मी 'जगन्नाथराव' म्हणतो. टॉवेलाचा विषय मात्र मी अजून सोडलेला नाही.) तब्येत कशी आहे? फोनवर तुम्ही 'एकदम मस्त' म्हणालात, पण म्हणण्याआधी एक क्षण थांबलात, ते माझ्या लक्षात आलं आहे. गुडघा आहे, की नोकरी? खरं कळवा. वहिनींना जय भीम सांगा. तुमच्या प्लेनोत म्हणे स्वेटर निघाले. इकडे नोव्हेंबर उजाडला तरी एसी चालू आहे आणि शर्ट पाठीला चिकटलेला आहे. आम्ही सगळे ठीक आहोत. 'ठीक' हा शब्द मी विचार करून वापरला आहे.

परवा रविवारी आमच्या घरी कठीन चीवरदान झालं आणि तुम्ही आला नाहीत. प्रतापरावांनी तुम्हाला फोन केला असेलच. प्रतापराव म्हणजे आमच्या इथल्या मंडळाचे सेक्रेटरी, ज्यांना मंडळात काय घडलं यापेक्षा ते पहिल्यांदा कुणी सांगितलं याची जास्त काळजी असते. त्यांनी जे सांगितलं असेल त्यातलं काहीही खरं धरू नका. जे सांगितलं नसेल ते मी लिहितो, कारण ते त्यांना माहीतच नाही. (निदान मला तसं वाटतं. काल ते ग्रोसरीत भेटले आणि विनाकारण हसले.)

सुरुवात फेब्रुवारीत झाली. आमच्या गल्लीत एक पांढरी व्हॅन येऊन उभी राहिली. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. आत दोन माणसं, दुपारी सँडविच खाणारी. सुजाता म्हणाली, केबलवाले असतील. मी म्हणालो, केबलवाले तीन दिवस एका जागी थांबतात का? (केबलवालेच होते. पण चौथ्या दिवशी आमचं केबल बंद पडलं, याचा अर्थ तुम्हीच लावा.) त्याच महिन्यात समोरचा शेजारी लॉन कापताना आमच्या खिडकीकडे बघतो असं मला दिसलं. मला ते दिसत होतं, कारण मी सकाळपासून खिडकीत उभा होतो. मी मुळात संशयी माणूस नाही, फक्त लक्ष ठेवतो. रिफायनरीत तेवीस वर्षं वाल्व्ह गळतोय का हे बघण्याचा पगार घेतल्यावर माणसाला सगळीकडेच गळती दिसू लागते.

एप्रिलमध्ये मी ऑफिसातल्या एकाबरोबर बंदुकांच्या प्रदर्शनाला गेलो. फक्त बघायला. या देशात कोथिंबिरीच्या ताज्या जुडीसाठी चाळीस मिनिटं ड्राइव्ह करावं लागतं, आणि इथे एका हॉलमध्ये, आपल्याकडे वह्या-पुस्तकांचं प्रदर्शन लागतं तशी टेबलं लावून, मैलभर रायफली मांडलेल्या. एका दाढीवाल्याच्या टेबलावर ती होती. मिलिटरीच्या धाटणीची, पण आटोपशीर. घोडा एकदा दाबला की एकच गोळी, पुढचं काडतूस मात्र आपलं आपण वर येऊन बसतं. लाकडी दस्ता, लांबी आपल्या लहानपणच्या क्रिकेट बॅटीपेक्षा थोडी जास्त. दाढीवाला कानाशी येऊन म्हणाला, सर, ही 'प्री-बॅन' आहे. गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात सरकारने कायदा केला की नव्या रायफलींवर घडीचा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ असले दागिने एकत्र चढवायचे नाहीत. जुन्यांना माफ. मी विचारलं, जुनी कशावरून? तो म्हणाला, तुम्ही टेक्ससचे कशावरून? आणि माझं लायसन्स मागितलं. दोन संशयी माणसं एका टेबलाच्या दोन बाजूंना भेटली की व्यवहार फार पटकन होतो. फॉर्म भरला, 'तुम्ही फरारी आहात काय' याला 'नाही' लिहिलं आणि घरी आलो.

इथवर एक वेळ ठीक होतं. पण हर्षिताने, म्हणजे तुमच्या सोळा वर्षांच्या भाचीने, ती बघून म्हटलं, "बाबा, दॅट लुक्स लाइक अ फार्मर्स गन." मला ते लागलं. दुसऱ्याच आठवड्यात मी लाकडी दस्ता काढून काळा, घडीचा दस्ता बसवला. घडी केली की रायफल सव्वादोन फुटांवर येते. उघडली की लोखंडी दांडा गालाच्या हाडावर बसतो आणि तीन दिवस गाल उठून दिसतो. (ऑफिसात मी डेंटिस्टचं नाव पुढे केलं.) मग पुढे जाळीचं आवरण. मग खांद्याला धक्का लागतो म्हणून मागे रबराची गादी. मग पट्टा. मग दुर्बीण. मग अंधारात दुर्बिणीतून काही दिसत नाही म्हणून टॉर्च, जो बसवायला क्लिप मिळाली नाही म्हणून मी इलेक्ट्रिकल टेपने बांधला. प्रत्येक पार्सल गॅरेजमध्ये उघडायचो, आणि प्रत्येक पार्सलचा खोका आधीच कुणीतरी उघडून बघितलाय असं मला वाटायचं. जूनपर्यंत आटोपशीर रायफलीचं वजन लग्नातल्या पाण्याच्या घागरीइतकं झालं. तिच्यात एकच गोष्ट मूळची राहिली होती, नंबर.

रेंजवर मी तीनदा गेलो. पहिल्या दिवशी कळलं की ही रायफल रिकामी पुंगळी नुसती टाकत नाही, भिरकावते. पहिली पुंगळी माझ्या नव्या दुर्बिणीला लागून शेजारच्या गोऱ्या आजोबांच्या कॉफीत पडली. दुसरी माझ्याच कॉलरमधून आत गेली. गरम पुंगळी बनियनमध्ये असताना हातात बंदूक धरून माणूस जे काही करतो त्याला इथले लोक 'स्वीपिंग द लाइन' की काय म्हणतात आणि जमिनीवर झोपतात. रेंजवाला माझ्याकडे नंतर बराच वेळ बघत होता. शेवटचं जुलैत गेलो. तेव्हा अर्ध्यातच ढग आले, वीज चमकली, रेंजवाल्याने सगळ्यांना उठवलं. मी घाईघाईने मॅगझिन काढलं, रायफल पिशवीत कोंबली आणि पळालो. ते मॅगझिन तेव्हापासून माझ्या मोज्यांच्या कप्प्यात आहे.

ऑगस्टमध्ये सुजाताने विषय काढला. यंदाचं चीवरदान आपल्या घरी करायचं तिने ठरवलं होतं, नागपूरहून भंते विमलबोधी येणार होते, तीन दिवस आपल्याच गेस्टरूममध्ये राहणार होते. ती शांतपणे म्हणाली (ती शांत झाली की मी लक्ष जास्त देतो), "त्या दिवशी बेचाळीस माणसं या घरात 'पाणातिपाता वेरमणी' म्हणणार, हिंसा करणार नाही म्हणून. छताखाली ती बंदूक असताना मी ते म्हणणार नाही. हर्षिताही म्हणणार नाही. एक तर ती, नाही तर कार्यक्रम. आणि दादाराव, नुसता कार्यक्रम नाही." शेवटच्या वाक्याचा अर्थ मी विचारला नाही. दोन दिवसांनी सांगितलं, गेली. तिने विचारलं, कुठे? मी म्हणालो, दिली एकाला. ती म्हणाली, "बरं." जगन्नाथराव, वीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याही थापेवर तुमच्या बहिणीने इतक्या लवकर 'बरं' म्हटलेलं नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता, पण त्या दिवशी माझं लक्ष शेजाऱ्याकडे होतं.

ती होती अ‍ॅटिकमध्ये, इन्सुलेशनच्या खाली. कार्यक्रमाच्या आदल्या शनिवारी सकाळी प्रतापराव आले आणि म्हणाले, मंडळाच्या सतरंज्या तुमच्याच अ‍ॅटिकमध्ये आहेत ना? आणि शिडी ओढायला लागले. मी त्यांना चहा, फरसाण आणि बुलेटिनच्या मुद्रितशोधनात गुंतवून वर चढलो, सतरंज्यांच्या आडून रायफल खाली आणली, हाताला लागलेल्या एका पांढऱ्या चादरीत गुंडाळली, सुतळीने बांधली आणि वॉशिंग मशीनच्या खोलीत वरच्या फळीवर, पांढऱ्या चादरींच्या चळतीमागे ठेवली. त्या दिवशी घरात सगळंच पांढरं होतं. एका पांढऱ्या गाठोड्याने कुणाचं लक्ष वेधायचं काय कारण?

रविवारी दहापर्यंत घर भरलं. पांढरे कपडे, दारात बेचाळीस जोड चपला-बूट, किचनमध्ये शोभनाताईंचा (प्रतापरावांच्या मिसेस) पाटवड्यांचा रस्सा, बाबासाहेबांच्या फोटोला हार. वंदना झाली, पंचशील झालं. पहिलं शील म्हणताना मी आवाज थोडा बारीक केला. मग दानाचा भाग. तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे दानाच्या वस्तू सगळ्यांच्या हातांतून जातात, म्हणजे पुण्य सगळ्यांच्या वाट्याला येतं. टेबलावर चीवरं, भिक्षापात्र, वस्तरा, ब्लँकेट, छत्री, एक इलेक्ट्रिक किटली. एकेक वस्तू रांगेच्या टोकाला दिली जायची आणि हातोहात भंतेजींपर्यंत यायची. मी यजमान म्हणून शेवटचा, भंतेजींच्या पुढ्यात गुडघ्यांवर. किटली आली. छत्री आली. आणि तिच्या मागोमाग, सुतळीने बांधलेलं, सव्वादोन फुटांचं, पांढरं गाठोडं येताना मला दिसलं.

मी उठू शकत नव्हतो. भंतेजींपेक्षा उंच व्हायचं नसतं. गाठोडं हर्षिताकडे आलं. तिने ते व्हायोलिनच्या केससारखं दोन्ही हातांनी छातीशी धरलं, कपाळ टेकवलं आणि पुढे दिलं. शोभनाताईंकडे आलं. "अगं बाई, केवढं जड! काय आहे हो भाऊजी?" बेचाळीस माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "ट्रायपॉड." का म्हणालो, मला विचारू नका. प्रतापरावांनी लगेच माइकवर जाहीर केलं, "दादाराव आणि सुजाताताई यांच्याकडून, ट्रायपॉड, एक!" आणि ते माझ्या हातांत आलं. जगन्नाथराव, मी स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या तोंडाने, दानाचं पाली वाक्य तीनदा म्हणून माझी रायफल भिक्खुसंघाला अर्पण केली. भंतेजींनी ती मांडीवर घेतली, कापडावरून एकदा हात फिरवला, किंचित थांबले आणि मान डोलावली. सगळे म्हणाले, साधु, साधु, साधु. मीही म्हणालो.

दिलेलं दान परत मागता येत नाही. पण सोमवारी सकाळी अकराच्या विमानाने भंतेजी शिकागोला, शॉमबर्गच्या मंडळींकडे जाणार होते, आणि प्रतापराव सगळं दान खोक्यांत भरून एअरपोर्टला सोडणार होते. म्हणजे सकाळी साडेनऊला एक भगव्या चीवरातला, इंग्रजी बेताचं येणारा, पासष्ट वर्षांचा माणूस टॉर्चसकट रायफल घेऊन चेक-इनच्या रांगेत उभा राहणार, आणि पोलिसांनी विचारलं की म्हणणार, ट्रायपॉड आहे, दादारावांनी दिला. मी रविवारची उरलेली दुपार गेस्टरूमच्या दारात काढली. गरम पाणी घेऊन गेलो. उशी घेऊन गेलो. एसी बघायला गेलो. दर वेळी भंतेजी ध्यानाला बसलेले, आणि गाठोडं बरोबर त्यांच्या समोर, जणू तेच ध्यानाचा विषय. चौथ्या वेळी डोळे न उघडता म्हणाले, "दादाराव, उशा पुरे."

सोमवारी सात वाजता पेज घेऊन गेलो आणि दार लावून घेतलं.

"भंतेजी, ती कालची वस्तू..."

"ट्रायपॉड?"

"ट्रायपॉड नाही."

"ट्रायपॉडला तीन पाय असतात," भंतेजी म्हणाले. "माझ्या मांडीला एकच लागला."

मग मला कळलं (हे प्रतापरावांनी बुलेटिनमध्ये छापायला हवं होतं) की प्रव्रज्या घेण्याआधी भंतेजी महार रेजिमेंटमध्ये होते. अठरा वर्षं, त्यातली बारा शस्त्रागारात, रायफली दुरुस्त करण्यात. म्हणाले, "मी हात लावणार नाही. तुम्ही सोडा, मी सांगतो." आणि त्यांचा आवाज बदलला. आदल्या दिवशी सर्व प्राण्यांना सुख चिंतणारा आवाज एकदम कवायतीच्या मैदानावर जाऊन उभा राहिला. "तोंड भिंतीकडे. त्या भिंतीमागे कोण झोपतं?"

"हर्षिता."

"मग ही भिंत. हिच्यामागे?"

"विटा. बाहेर कुंपण."

"मॅगझिन?"

"जुलैतच काढलंय, भंतेजी. रिकामी आहे."

"कोण म्हणतं?"

"मी."

"बोट घोड्यापासून लांब. बोल्ट मागे ओढा."

ओढला. गालिच्यावर एक काडतूस पडलं. आवाज झाला नाही, गालिचा जाड आहे. पितळी, चकचकीत, अख्खं. जुलैत मी मॅगझिन काढलं होतं, पण वर चढून बसलेलं काढलं नव्हतं. सगळे कोपरे मी नऊ महिने तपासत होतो, शेजाऱ्याचे, केबलवाल्यांचे, खोक्यांच्या चिकटपट्ट्यांचे. तिथे बघितलं नव्हतं. बेचाळीस माणसांच्या हातांतून गेली ती. हर्षिताने छातीशी धरली होती.

मी खाली बसलो. भंतेजींनी पेजेचं भांडं बाजूला सरकवलं. मग विचारलं, "भीती कुणाची वाटते तुम्हाला?" मी सांगितलं. व्हॅन, शेजारी, खोके, सगळं, एका दमात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "दुर्बिणीचा स्क्रू तिरपा बसलाय. आणि तेल कधी घातलं नाहीत." मग तासभर ते सांगत गेले आणि मी सोडत गेलो. टॉर्च, दुर्बीण, गादी, आवरण, दस्ता. उरलेली रायफल धरून सगळं पार्सलांच्या दोन लांब खोक्यांत मावलं. शेवटी त्यांनी पांढरी चादर उचलली, झटकली, घडी केली. "चीवरदान कापडाचं असतं. मला मिळालं ते कापड. सुती आहे, चांगलं आहे. आतलं तुम्ही काढायला विसरलात." साडेआठला प्रतापराव आले आणि भंतेजी चादर घेऊन शॉमबर्गला गेले. (ती सुजाताच्या नव्या सेटमधली होती. उशांचे अभ्रे तेवढे उरलेत.)

आता प्रश्न असा की फळीवरचं गाठोडं टेबलावर ठेवलं कुणी? मंडळाचा खजिनदार मी आहे आणि प्रतापरावांना माझ्या जागी दुसरा हवाय, ते एक. शोभनाताईंना 'जड आहे' हे इतक्या मोठ्याने म्हणायची गरज नव्हती, त्या दोन. समोरचा शेजारी रविवारी आमच्या ड्राइव्हवेपर्यंत आला होता, 'पार्टी आहे का' विचारायला, तो तीन. सुजाताचा प्रश्नच येत नाही. बंदूक ऑगस्टपासून घरात नाही हे तिला पक्कं माहीत आहे, मीच सांगितलंय. एवढं मात्र खरं सांगतो, सोमवारपासून माझी झोप उडाली आहे आणि मी ठरवलं आहे की ते खोके या घरात राहणार नाहीत.

वहिनींना जय भीम, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याचं खरं कळवा.

तुमचा,
दादाराव

ता.क. वहिनींनी पाठवलेली सावजी मसाल्याची पुडी पोचली. पुडीला दोरा दोन ठिकाणी गाठ मारलेला होता. वहिनींनी दोन गाठी मारल्या होत्या का, तेवढं विचारून ठेवा.

ता.क. २. जग्या, एक काम होतं. शनिवारी ये आणि ते दोन खोके प्लेनोला घेऊन जा. तुझं गॅरेज मोठं आहे. आणि सुजाताने कधी विचारलंच तर सांग, की ऑगस्टमध्ये दादारावाने मलाच दिली होती. खोटं नाही ते, फक्त तीन महिने लवकर आहे. टॉवेलाचा विषय मी कायमचा सोडतो. आणि आवरण, दस्ता वगैरे फेकू नकोस, असू देत.

ता.क. ३. दर पत्रात शेवटी सुजातासाठी पाव पान सोडतो, ते या वेळी सोडलेलं नाही. कारण उघड आहे. वाचून झाल्यावर हे पत्र फाडून टाक, आणि फोन ऑफिसातच कर.

(समासात, वेगळ्या अक्षरात)

भाऊ, जय भीम. जागा नाही म्हणून आडवं लिहिते आहे. यांनी तिकीट मागितलं. तिकिटं माझ्या पर्समध्ये असतात. पाकीट चिकटवलेलं होतं, पण चहाची किटली उकळतच होती. बंदूक घरात आहे हे मला ऑगस्टपासून ठाऊक आहे. हे अ‍ॅटिकमध्ये जाऊन आले की शिडीखाली इन्सुलेशनचा गुलाबी भुसा पडतो, आणि तो झाडते मी. गाठोडं टेबलावर मीच ठेवलं. शनिवारीच भंतेजींना विचारलं होतं, ते म्हणाले, ठेवा, दादाराव स्वतःच येतील सांगायला. रिकामी आहे असं त्यांना मी सांगितलं होतं, कारण मॅगझिन मोज्यांच्या कप्प्यात पाहिलं होतं. काडतुसाचं आत्ता वाचलं. तिथून पुढे वाचवेना, मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. हर्षिताच्या हातात ते गाठोडं मी दिलं होतं, भाऊ. मी.

तू शनिवारी येऊ नकोस आणि ऑगस्टचं काही सांगू नकोस. पोलिसांना फोन केला होता. बंदुकीचे भाग सुटे करून गाडीच्या ट्रंकमध्ये आणा, ठेवून घेतो, म्हणाले. दोन्ही खोके मी ट्रंकमध्ये ठेवले आहेत, ते काडतूसही. हे गाडीत बसून हॉर्न वाजवत आहेत. त्यांना वाटतंय, आम्ही पोस्टात चाललोय.

सुजाता